ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सुतारकामाचा कोपरा



दर अंकात मी लागणीच्या तारखा, खताचे हप्ते, हुमणी आणि पाचट यांवर लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. पण वाचून झाल्यावर हाही शेतीचाच विषय आहे हे आपल्याला पटेल अशी आशा आहे.

गेल्या मोठ्या बांधणीच्या दिवसांत मी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. सकाळचे नऊ वाजून गेले होते. रानात चार माणसे रोजाने आलेली, आणि त्यांतली दोन बांधावर बसलेली. विचारले तर मालक म्हणाले, “साहेब, दोन खोऱ्यांचे दांडे एकदम गेले. पोराला गाडीवर तालुक्याला पिटाळलंय.” पोरगा साडेअकराला आला. दोन माणसांचा अर्धा दिवस, गाडीचे पेट्रोल आणि दांड्याची किंमत असा हिशेब लावला तर तो दांडा फार महागात पडला. बरे, आणलेला दांडा कसल्या तरी हलक्या लाकडाचा आणि आडव्या रेषांचा होता. तिसऱ्या दिवशी तोही मोडला. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच वस्तीवर ट्रॅक्टरच्या शेडमागे बाभळीचे वाळलेले ओंडके पडलेले होते. चुलीत घालण्यासाठी!

पूर्वी अशा वेळी गावातल्या सुताराकडे जायचे. तो खळ्यावर बलुते न्यायचा आणि वर्षभर आपली औते सांभाळायचा. ऊस आला, खळी कमी झाली, रोख व्यवहार आला. सुताराची मुले शहरात फर्निचरच्या कामाला गेली. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण दांडा मोडायचा थांबत नाही, आणि तो नेमका घाईच्या दिवशीच मोडतो. म्हणून प्रत्येक वस्तीवर नाही तरी चार घरांत मिळून एखादा सुतारकामाचा कोपरा असावा, असे माझे मत झाले आहे. तो कसा उभा करायचा, ते क्रमाने सांगतो.

१. जागा

नवीन खोली बांधण्याची काही गरज नाही. आपली ट्रॅक्टरची शेड बहुधा बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब असते. तिच्या एका कडेला आठ बाय दहा फूट जागा मिळाली तरी सुरुवातीला पुष्कळ झाली. जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उजेड. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर सारखा असतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. तेव्हा शक्य असेल तर टेबल उत्तरेच्या खिडकीशी किंवा उघड्या बाजूशी मांडावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून आला म्हणजे आखलेल्या रेघेवर स्वतःच्या हाताची सावली पडत नाही. पत्र्यात एखादा पारदर्शक पत्रा बसवला तरी मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट पाऊस. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला शेड उघडी असेल तर जून ते सप्टेंबर हत्यारे गंजणार आणि लाकूड फुगणार. ती बाजू पत्र्याने बंद करावी. हत्यारे भिंतीवर टांगावीत, पण ओल येणाऱ्या भिंतीला थेट न टांगता मध्ये एक फळी ठोकावी. त्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढून ठेवा. संध्याकाळी एक नजर टाकली की कोणते हत्यार परत आले नाही ते लगेच कळते. एकत्र कुटुंबात याचा उपयोग किती आहे, हे मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट जमीन. ती सपाट हवी, नाही तर टेबल डुगडुगते. मुरूम चोपून घेतला तरी चालतो. कोबा असेल तर उभे राहण्याच्या जागी एखादी फळी किंवा जुनी पोती टाकावीत. पटाशी हातातून निसटून कोब्यावर पडली तर तिची धार गेलीच म्हणून समजा. शिवाय कोब्यावर दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, ते वेगळेच.

२. टेबल

आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या अंगठ्यात धरतो आणि वाकस चालवतो. ती पिढ्यान् पिढ्यांची हातोटी आहे. नवख्याने ती करायला जाऊ नये. वाकस लाकूड आणि पाय यांत फरक करीत नाही.

आपण उभ्याने काम करावे आणि त्यासाठी भक्कम टेबल करावे. ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडा. मनगट जिथे येते साधारण तेवढी टेबलाची उंची ठेवावी. मध्यम उंचीच्या माणसाला ती ३२ ते ३४ इंच येते. टेबल याहून उंच असेल तर रंधा मारताना अंगाचा जोर लागत नाही, आणि ठेंगणे असेल तर कंबर धरते. लांबी सहा फूट आणि रुंदी दोन फूट पुरेशी आहे. पाय चार बाय चार इंचाचे बाभळीचे करावेत आणि वरची फळी निदान दोन इंच जाडीची घ्यावी. ट्रॉलीच्या जुन्या जाड फळ्या असतील तर त्यांतले खिळे शोधून काढून त्याच वापराव्यात. टेबल जितके जड तितके काम सोपे. पायांखाली दगडी चिपा घातल्या म्हणजे वाळवी सरळ वर चढत नाही.

टेबल काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी घराचा पाया आखताना गवंडी करतो तेच करावे. एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण. दोन खुणांतील अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. टेबलाला मात्र रुंदी दोनच फूट आहे, म्हणून तिथे १८, २४ आणि ३० इंच घ्यावेत. प्रमाण तेच राहते. दुसरी खात्री म्हणजे दोन्ही कर्ण मोजून पाहणे. ते सारखे आले पाहिजेत.

टेबलाच्या पुढच्या बाजूला डाव्या टोकाशी एक शेगडा बसवा. पैसे कुठे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवा, शेगड्यात नको. लाकूड घट्ट धरलेले असले म्हणजे दोन्ही हात हत्यारावर राहतात. बहुतेक जखमा एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने हत्यार चालवण्यात होतात.

३. पहिली हत्यारे

दुकानात गेलो की सगळेच घ्यावेसे वाटते. तसे करू नका. सुरुवातीला एवढे पुरे:

टेप, गुण्या आणि पेन्सिल.
२४ ते २६ इंची हातकरवत.
एक मोठा रंधा.
पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या.
हातोडी आणि एक लाकडी मोगरी. पटाशीवर लोखंडी हातोडी मारली तर मूठ फुटते.
भोके पाडायला सामता किंवा हाताने फिरवायचे ड्रिल.
लाकडाची अर्धगोल कानस.
दोन-चार शिकंजे.
आणि धार लावायला एका बाजूने भरड व दुसऱ्या बाजूने बारीक असा तेलाचा दगड.

यादीत दगड शेवटी लिहिला असला तरी मान त्याचा पहिला आहे. नवीन रंधा आणि नवीन पटाशी दुकानातून आणल्या आणल्या नीट चालत नाहीत, त्यांना धार लावावीच लागते. पात्याचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवून टोकाशी ३० अंशांवर बारीक धार काढावी. दगडावर तेलाचे थेंब टाकून पाते एकाच कोनात पुढे-मागे न्यावे. मागची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून पाठीमागे आलेली लव काढून टाकावी. नंतर कागदाच्या कडेवर पाते चालवून पाहा. कागद न फाटता कापला गेला तर धार आली. विजेच्या चाकावर धार लावणार असाल तर पाते घडोघडी पाण्यात बुडवा. पाते निळे पडले म्हणजे त्याचे पाणी उतरले, मग ते कितीही घासा, धार टिकत नाही.

बोथट कोयत्याने तोडकऱ्याचे काय हाल होतात ते आपण हंगामात पाहतोच. पटाशीचे तसेच आहे. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की हातात घुसते. धारदार हत्यार त्यामानाने सोशीक असते.

४. लाकूड

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपण बेणे जसे निवडून घेतो तसे लाकूड घ्यावे.

बाभूळ जड, चिवट आणि मार सोसणारी. दांडे, मुठी, खुंट, टेबलाचे पाय यांसाठी हिच्यासारखे दुसरे नाही. धावडा मिळाला तर तोही दांड्यांना उत्तम. साग ऊन-पावसात हालत नाही, रंध्याला गोड जातो. दारे-खिडक्यांना घ्यावा, पण दांड्याला तो ठिसूळ पडतो. कडुनिंबाला कीड कमी लागते, पेट्या आणि मांडण्यांना तो चांगला. जांभूळ पाण्यात टिकते. आंबा मऊ आणि स्वस्त, खोक्यांना आणि फळ्यांना चालतो, पण त्याला किडा फार लवकर धरतो. चिंचेचे लाकूड घट्ट असते, मोगरीला आणि ठोकळ्याला घ्यावे. निलगिरी वाळताना पिळवटते आणि चिरते, तिचा मोह धरू नये.

कोणत्याही झाडाचे आतले गडद लाकूड टिकाऊ असते. सालीजवळचे फिके लाकूड हे किड्याचे खाद्य असते, कारण त्यात पिष्ट असते. जुनी माणसे बाभळीचा ओंडका काही आठवडे ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवीत, ते उगाच नव्हे. पाण्यात ते पिष्ट बरेचसे निघून जाते आणि भुंगा कमी लागतो.

ओले लाकूड वापरले की काम वाया गेलेच. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. आणि वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेच्या सुमारे दुप्पट आटते. म्हणून ओली फळी वाळली की वाकते. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि पंधरा दिवसांत खुळखुळतो. फळ्या वाळवताना त्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच रचाव्यात. दोन थरांमध्ये दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, आणि खालच्या पट्टीच्या बरोबर वर वरची पट्टी यावी. टोकांना रंग किंवा डांबर लावावे, कारण टोकाकडून पाणी भरभर उडते आणि तिथूनच चिरा जातात. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून लवकरही वाळते, पण घाई करू नये.

लाकूड घनफुटावर विकत मिळते. हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. उदाहरणार्थ, ८ फूट लांब, ९ इंच रुंद आणि २ इंच जाड फळी म्हणजे ८ × ९ × २ = १४४, म्हणजे बरोबर एक घनफूट. वजनकाट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो, मग वखारीत का राहू नये?

एक सूचना. साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांच्या बाबतीतही कुऱ्हाड लावण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

५. पहिले काम: खोऱ्याचा दांडा

पहिलेच काम म्हणून कुणी कपाट करायला घेऊ नये. दांडा करावा. तो लगेच उपयोगी पडतो आणि त्यात सुतारकामाचे निम्मे शिक्षण होते.

वाळलेल्या बाभळीचा सरळ तुकडा घ्या, गाठ नसलेला. तो करवतीने न कापता पाचर घालून फोडा. फोडल्यावर लाकूड आपल्या रेषेनेच फुटते, आणि त्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवत रेषा मध्येच तोडते, आणि दांडा तिथेच मोडतो. विकतचा दांडा घेतानासुद्धा हीच परीक्षा करा: रेषा बाजूला पळत असतील तर ठेवून द्या.

फोडलेला तुकडा आधी चौकोनी करा, मग चारही कोपरे काढून अष्टकोनी करा, मग रंध्याने आणि कानशीने गोलाई आणा. एकदम गोल करायला गेलात तर दांडा वाकडा होतो. हातात धरण्याच्या जागी तो किंचित अंडाकार ठेवला तर हातात फिरत नाही.

कुदळ आणि टिकाव यांच्या बाबतीत नेढ्यात बसणारा भाग काळजीने, थोडा थोडा काढत बसवा. जिथे घासते तिथे काळा डाग पडतो, तेवढेच तासा. टोकाला करवतीने एक चीर द्या, हत्यार बसवा आणि त्या चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोका. दांडा खुळखुळला की पाण्यात बुडवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. पाण्याने तो फुगतो, फुगताना आतले तंतू दाबले जातात, आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षाही सैल होतो. डोक्यावरून उचललेल्या टिकावाचे पाते मागे सुटले तर पुढचे मी लिहीत नाही.

कोयत्याच्या आणि खुरप्याच्या मुठीला लोखंडी शेंबी बसवायला विसरू नका, नाही तर शेपटाच्या जागी मूठ चिरते. मुठीला रंग देऊ नका. रंगाने हात सटकतो आणि फोड येतात. जवसाचे तेल कापडाने चोळा. ट्रॉलीच्या फळ्यांना आपण जळके ऑइल लावतो ते तिथे ठीक आहे, पण मुठीला आणि गव्हाणीला ते कधीही लावू नये.

दांडा जमला की पुढे बेणे तोडायचा चिंचेचा ठोकळा करा. मग एक डोळा पद्धतीच्या रोपांचे ट्रे ठेवायची मांडणी करा. त्यात कुसवाचा सांधा शिकता येतो: आडव्या लाकडाला कुसू काढायचे आणि उभ्या लाकडाला पटाशीने त्याच मापाचे भोक पाडायचे. उभ्या लाकडाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा भोकाची रुंदी ठेवावी. आधी भोक पाडावे आणि मग त्याला बेताने कुसू काढावे, कारण कुसू तासून बारीक करता येते, भोक मात्र लहान करता येत नाही. बैलगाडी असेल तर जू घासून गुळगुळीत करायचे काम तर आजच करा. खडबडीत जुवाने बैलाचा खांदा सुजतो आणि ऐन वाहतुकीत बैल बसतो.

६. यंत्रे आणि वीज

तरुण मंडळी म्हणतील, “साहेब, हातानं कोण करवत ओढतंय? मशीन घेऊ की.” घ्या. माझा विरोध नाही. पण आधी माझा डावा हात पाहा.

काही वर्षांपूर्वी घरच्या गोठ्याचे दार बसवताना फळीची कड काढायची होती. हाताशी लोखंड घासायचे ग्राइंडर होते. कुणीतरी सांगितले म्हणून त्यावर लाकूड कापायचे दातेरी पाते चढवले. पाते बसेना म्हणून वरचे संरक्षक कडे काढून टाकले. गाठीवर पाते अडले आणि यंत्र हातातून उसळले. सात टाके पडले आणि महिनाभर मोटारसायकलचा क्लच दाबता आला नाही. ऐन लागणीच्या नोंदीचे दिवस होते. बोटे शाबूत राहिली हे नशीब. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. ते यंत्र मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरते आणि ते लाकडाच्या दातेरी पात्यासाठी बनवलेलेच नाही. आज पुष्कळ वस्त्यांवर मी हेच ग्राइंडर याच अवस्थेत पाहतो. म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहिले.

टेबलावरची गोल करवत घेणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे फिरले तर त्याचे दाते ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जातात. पात्यावरचे झाकण आणि पात्यामागची पट्टी काढायची नाही. ती पट्टी कापलेली फाक मिटू देत नाही. फाक मिटली की पाते लाकडाला पकडते आणि ते माणसाच्या पोटावर फेकते. म्हणून पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये, किंचित बाजूला राहावे. शेवटचे वीतभर लाकूड हाताने न ढकलता ढकलकाठीने ढकलावे. गळ्यात उपरणे, मफलर, टॉवेल नको. बाह्या वर घ्याव्यात. फिरत्या यंत्रावर हातमोजेसुद्धा नकोत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा हवाच. जुनी मोटर आणि उघडे पाते जोडून घरी बनवलेली करवत मी कोणालाही सुचवणार नाही.

विजेबद्दल थोडे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सहा-सात अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तेव्हा १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तार, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर एवढे हवेच. घरातून शंभर फूट बारीक वायर ओढून यंत्र चालवले तर दाब कमी पडतो, मोटर गरम होते आणि जळते. शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवू नये. ती जोडणी पंपासाठी आहे, इतर वापर सापडला तर दंड होतो. पाते बदलताना बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन काढून ठेवावी. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तर बटण आठवणीने बंद करा, नाही तर वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते.

७. भुसा आणि आग

लाकडाचा बारीक भुसा हा नुसता केर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. नाकातोंडाला मास्क लावा. तोंडावर रुमाल बांधणे पुरत नाही.

आता आगीचे. आपल्या शेडमध्ये डिझेलचे कॅन असतात, शेजारी पाचटाची किंवा वैरणीची गंज असते, आणि आता त्यात भुशाची भर पडणार. डिझेल आणि रंग कोपऱ्यापासून दूर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवा. रोज संध्याकाळी भुसा झाडून बाहेर न्या. लोखंड घासायचे काम भुशाशेजारी करू नका. एक ठिणगी भुशात तासन् तास धुमसत राहते आणि रात्री पेटते. बिडी-सिगारेट शेडच्या बाहेर.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा गोळा करून कोपऱ्यात फेकला तर तो काडी न लावता आपोआप पेटू शकतो. ते तेल हवेशी मिळून वाळते आणि वाळताना उष्णता सोडते. ओली वैरण गंजीत भरली की आतून कशी तापते, तसेच हे. म्हणून असे फडके पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. दारापाशी वाळूच्या दोन बादल्या आणि एक आग विझवायचे सिलिंडर ठेवा.

भुशाचे काय करायचे, असे विचाराल. गोठ्यात अंथरायला वापरा किंवा शेणखताच्या खड्ड्यात थराथराने टाका. कच्चा भुसा थेट उसाच्या सरीत टाकू नये. तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि ऊस पिवळा पडतो. हे मात्र माझ्या खात्याचे आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

८. गावच्या सुताराचे काय?

हा लेख वाचून कुणी म्हणेल, साहेबांनी सुताराच्या पोटावर पाय आणला. तसे नाही. ज्या गावात सुतारभाऊ अजून काम करतात तिथे मोठे काम त्यांनाच द्या. एवढेच नव्हे, त्यांना दोन दिवस रोज देऊन वस्तीवर बोलवा आणि आपल्या मुलामुलींना धार लावायला, रंधा धरायला त्यांच्याकडून शिकवा. पुस्तक वाचून रंधा चालत नाही. रंध्याचा आवाज कसा यायला हवा, ते शेजारी उभे राहूनच कळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद ठेवलेली आहे. आपल्या गावच्या सुतारभाऊंना हे माहीत नसेल तर आपण सांगावे. बलुते बंद झाले म्हणून नाते बंद व्हायचे कारण नाही.

शेवटी खर्चाचा क्रम सांगतो. पहिल्या वर्षी टेबल, शेगडा आणि हाताची हत्यारे. दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर, एक चांगले विजेचे ड्रिल. तिसऱ्या वर्षी गरज वाटली तरच करवतीचे यंत्र, आणि तेही चार घरांत मिळून. सहकाराची सवय आपल्याला आहेच.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या सभासदांनी दिवाळीनंतर शेडमध्ये टेबल घातले. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा भिंतीवर बाभळीचे सात दांडे टांगलेले होते. दोन थोडे वाकडे होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “ते दोन पहिले हायत, साहेब. राहू द्या तिथंच. पोराला दाखवायला हायत.”

बाभूळ बांधावर आहे, शेड तयार आहे. येत्या बांधणीच्या आत निदान दोन दांडे करून ठेवा, एवढेच सांगणे.

आपला,
ऊस विकास अधिकारी